नुसता गॅस भरायचा, की आधी गळती शोधायची?

गाडीचा एसी गरम हवा फेकायला लागला की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गॅस संपलाय, भरून देतो." त्याआधी दोन गोष्टी स्वतः बघून घ्या. सिग्नलला उभं असताना गरम आणि हायवेला लागलं की गार, असं होत असेल तर पुढचा कंडेन्सर फॅन, म्हणजे रेडिएटरसारख्या ज्या जाळीत गॅस गार होतो तिचा पंखा, फिरतोय का ते बघा. वाराच कमी येत असेल तर आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर तुंबलाय का ते. हे दोन्ही ठीक असून गॅसच कमी निघाला, तर खरा प्रश्न पुढचा.

नुसता गॅस भरण्याचा मोठा फायदा वेळेचा. अर्ध्या-पाऊण तासात गाडी हातात. माझ्या इथे दीड-दोन हजारांत काम व्हायचं. गळती शोधायची म्हटलं तर गाडी सकाळी सोडून संध्याकाळी मिळणार, शोधायचे पैसे वेगळे आणि जे निघेल त्याचे आणखी वेगळे. घरात एकच गाडी असेल तर हे जड जातं, मान्य आहे.

मीही दोनदा नुसता भरूनच घेतला. पहिल्यांदा दोन महिने टिकला, दुसऱ्यांदा सहा आठवडे. मला खटकलं ते वेगळंच. दोन्ही वेळा "संपला होता" असं सांगितलं, जसं पेट्रोल संपतं. एसीचा गॅस जळत नाही की वापरला जात नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो फिरत राहतो. दोन महिन्यांत गेला म्हणजे कुठूनतरी बाहेर पडला. कुठून, हे दोन्ही वेळा कुणी बघितलंच नाही. किती ग्रॅम भरला, तेही बिलावर नव्हतं. फक्त गेजचा काटा दाखवला. पण काट्यावरचं प्रेशर त्या दिवशीच्या उन्हाप्रमाणे बदलतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅस वजनात लिहिलेला असतो, तो त्यासाठीच. लहान गाड्यांना साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो. त्याहून जास्त भरला गेला तरी गारवा कमीच होतो.

दुसऱ्यांदा गॅस गेला तो मे महिन्यात, नागपूरहून अमरावतीला जाताना, कोंढाळीच्या जरा पुढे. मागच्या सीटवर आई होती. काचा उघडल्या तर भट्टीसारखी झळ आत. तिने पदर ओला करून डोक्यावर घेतला आणि अमरावतीपर्यंत तशीच बसून राहिली. परत आल्यावर फक्त एसीचंच काम करणाऱ्याकडे गेलो.

त्याने आधी कंडेन्सरवर हात फिरवला. खालच्या डाव्या कोपऱ्यात तेलकट धूळ चिकटली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरत असतं, त्यामुळे जिथून गॅस सुटतो तिथे तेल डाग सोडतं. मग गॅसमध्ये डाय, म्हणजे यूव्ही उजेडात चमकणारा रंग, टाकून, एसी चालवून, अंधारात यूव्ही टॉर्च मारला. त्याच जागी मोहरीएवढा पोपटी ठिपका चमकला. दगड लागलेला असावा. कंडेन्सर बदलला, सोबत जोडांवरच्या रबरी ओ-रिंगही. मग नळ्यांतली हवा ओढून अर्धा तास व्हॅक्यूम लावून काटा हलत नाही, म्हणजे आता गळती नाही, हे मला उभं करून दाखवलं आणि वजन करून गॅस भरला. सगळं मिळून साडेसात हजार. आधीच्या दोन वेळच्या पैशांपेक्षा जास्तच, पण तिसरा उन्हाळा चालू आहे आणि गॅसला हात लागलेला नाही.

एकाच गाडीच्या अनुभवावर सगळ्यांना सांगणं बरोबर नाही. पाच-सहा वर्षांत पहिल्यांदाच गारवा कमी झाला असेल, तर सील आणि रबरी होजमधून हळूहळू गेलेला असू शकतो. तिथे एकदा भरून बघायला माझी हरकत नाही. गाडी महिन्या-दोन महिन्यांत विकायचीच असेल तरीही. पण वर्षाच्या आत दुसऱ्यांदा गॅस कमी झाला, तर मी तरी शोधल्याशिवाय भरून घेणार नाही.

गळती कूलिंग कॉइलची, म्हणजे डॅशबोर्डमागे हवा गार करणाऱ्या जाळीची, असल्याचा संशय आला तर मात्र विचार करावा लागतो. बऱ्याच गाड्यांत तिच्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि ऐन उन्हाळ्यात ते काम नको वाटणं साहजिक आहे. अशा वेळी तात्पुरता गॅस भरलाच, तर सोबत डाय टाकायला सांगा. एसीचं पाणी गाडीखाली ज्या नळीतून ठिबकतं, तिच्या तोंडाशी महिन्याभराने टॉर्च मारून बघा. तिथे पोपटी चमक दिसली तर गळती कॉइललाच आहे, आणि डॅशबोर्ड उतरवायचा की नाही हे अंदाजाने ठरवावं लागणार नाही.