वापरानंतरचा अनुभव: साडूबरोबर निम्म्यात घेतलेली घोडी, नऊ महिने

खोगीर फिरलं तेव्हा घोडी जागची हलली नाही, हे आधी सांगतो. साडूचा अकरा वर्षांचा पोरगा रिकिबीत पाय देऊन चढला आणि खोगिरासकट सरकत सरकत तिच्या पोटाखाली गेला. जून महिना, पहिल्या पावसाचा चिखल, म्हणून लागलं काही नाही. मैना मान वळवून खाली बघत राहिली. दुसरं एखादं जनावर चौखूर उधळलं असतं. पण त्या दिवशी मला तिचं कौतुक नव्हतं, संताप होता. सकाळी तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून बांधायचा पट्टा, मी स्वतःच्या हातानं कचकचून आवळला होता. अर्ध्या तासात तो चार बोटं ढिला.

घोडी पोट फुगवते. तंग आवळायला गेलं की श्वास भरून धरते, आपण बक्कल लावून वळलो की सोडते. बाजारात हे कुणी सांगितलं नाही.

त्याच रात्री तावातावानं हे लिहायला घेतलं होतं. निम्म्यावर राहिलं, मधे बरंच घडलं, आणि काही मतं बदलली. वरचं मुद्दाम तसंच ठेवतोय.

खरेदीचं थोडक्यात. गेल्या दत्तजयंतीला आम्ही दोघे साडू सारंगखेड्याला गेलो. तापीकाठचा बाजार कसा असतो ते वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. लाखांच्या मारवाडी घोड्यांपुढे फोटो काढणाऱ्यांचीच गर्दी जास्त. आमचं दोघांचं मिळून बजेट ६० हजार, गाडीभाड्यासकट. माझी मुलगी नऊ वर्षांची, त्याचा पोरगा अकराचा, त्यामुळे पन्नास इंचांच्या वर काही बघायचं नाही आणि तरणंताठं शिंगरू तर नाहीच, एवढं ठरवून गेलो होतो. शेवटी एकानं वरातीतून काढलेली घोडी दाखवली. मागितले ८५, उपरण्याखाली बोटं दाबून दाबून ५२ हजारांवर तुटलं. पिकअपचे ९ हजार वेगळे. म्हणजे बजेट पहिल्याच दिवशी हजारानं बुडालं. खोगीर आणि लगाम मात्र ‘सोबत फुकट’. हा फुकट शब्द लक्षात ठेवा.

घेताना आम्ही केलं ते एवढंच. चारी पाय उचलून पाहिले, तोंडापुढे छत्री उघडली, कानाजवळ टाळ्या वाजवल्या, आणि साडूच्या पोराला खोगिराशिवाय पाठीवर बसवून दोन फेऱ्या मारल्या. तिनं डोळ्याची पापणीही हलवली नाही. वरातीच्या घोडीला छत्रीचं काय! एकच चुकलं, डॉक्टर सोबत नेला नाही. दोन हजार वाचवले.

व्यापारी म्हणाला सात वर्षांची. मळ्यात आणल्यावर डॉक्टरनं ओठ उचलला आणि वरच्या जबड्यातल्या कोपऱ्याच्या दातावरची उभी खाच दाखवली. ती खाच दहाव्या वर्षाच्या सुमारास हिरडीपाशी दिसायला लागते आणि पंधराव्यापर्यंत निम्म्या दातापर्यंत उतरते. मैनेची जवळजवळ निम्म्यावर आलेली. म्हणजे तेरा-चौदा. साडूनं दोन दिवस माझा फोन घेतला नाही, जणू दात मीच झिजवले होते.

आज विचाराल तर ही फसवणूक आमच्या पथ्यावर पडली. चार-पाच वर्षांचं, नुकतं दात जुळलेलं घोडं आणि नुकतीच शिकणारी पोरं, ही जोडी कुणीही जमवू नये. जिनं शेकडो वराती पाहिल्यात तिला ट्रॅक्टर, कुत्री, माझ्या मुलीचं किंचाळणं, कशाचंच काही वाटत नाही. एकच गंमत आहे. गणपतीत रस्त्यावरून ढोल गेला आणि ही दावणीलाच पुढचे पाय उचलून ठेक्यात नाचायला लागली. पोरं खूष. घोडीला नाचायला कसं शिकवतात हे मी एकदा पाहिलंय, मला हसू आलं नाही.

आता पैसे. घोडी माझ्या मळ्यात, निफाडकडे. साडू नाशकात राहतो, रविवारी येतो. खर्च निम्मा-निम्मा असं ठरलं. पण लसूणघास माझ्या शेतातला, तो धरायचा की नाही? साडूचं म्हणणं, ‘घरचाच तर आहे.’ घरचा घास विकला की पैसे येतात, राव! महिनाभर मी वजनकाटा लावून चारा तोलला आणि बाजारभावानं वहीत मांडला, तेव्हा मान्य झालं. कडबा, घास, थोडा हरभऱ्याचा भरडा, मीठ असं धरून महिन्याला साडेचार ते पाच हजार. नालबंद दीड-दोन महिन्यांनी, येण्याजाण्यासकट १२०० घेतो. तो वरातवाल्यांच्या ओळखीनं मिळाला, नाहीतर खूर कुणाकडून कापून घ्यायचे हीच पंचाईत होती. धनुर्वाताची लस, जंताचं औषध, मे महिन्यात एकदा पोटशूळ झाला त्या रात्रीचे ३८०० रुपये. घोड्याला उलटी होत नाही, पोटात अडकलं की अडकलं. त्या रात्री घोडी कुणाच्या मालकीची असा प्रश्न निघाला नाही, साडू दोन वाजता गाडी काढून आला. हे लिहायला हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल.

पण हाच माणूस येताना पाव आणि गुळाचा खडा आणतो, आणि ९२ किलोचा असून ‘एक चक्कर मारतो’ म्हणतो. म्हणून टेप आणला. छातीचा घेर १४२ सेंटिमीटर, अंगाची लांबी १४०. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११८८०, घोडीचं वजन आलं २३८ किलो. पाठीवर वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको असं मानतात, तेही खोगीर धरून. म्हणजे सत्तेचाळीस. आकडा गोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवलाय. त्यानं तो वाचला, पण बोलला काही नाही.

परत तंगाकडे. पोरगा पडल्यावर मी जास्त जोरानं आवळायला लागलो. तिनं जास्त फुगवायला सुरुवात केली. पुढे पुढे मी खोगीर हातात घेतलं की कान मागे पाडायची, एकदा दंडाला दात लावले. मी हिला नाठाळ ठरवून मोकळा झालो. या महिन्यांत मी घोडीविषयी जे काही बोललो त्यातलं निम्मं तंगाविषयी होतं, बायकोनं तो शब्द घरात काढायला बंदी केली.

जुलैत नालबंद आला. सत्तरीचा म्हातारा. त्यानं खूर सोडून आधी पाठीवर हात फिरवला, मानेच्या मुळाशी उंचवटा असतो त्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्यानं दाबलं. मैना खचकन खाली दबली. तिथं रुपयाएवढे पांढरे केसांचे दोन ठिपके आहेत. आम्ही ते शुभलक्षण समजून फोटो काढले होते. म्हातारा म्हणाला, ‘हे खोगिरानं केलंय. दुखतंय म्हणून फुगते ती.’ खोगीर उलटं करून दाखवलं. आतला सांगाडा अरुंद, एका बाजूची भरती गोळा होऊन दगडासारखी. खोगीरभरती हा शब्द शाळेपासून वापरत आलो, खरी त्या दिवशी पाहिली.

फुकटचं खोगीर गेलं माळ्यावर. कानपुरी बनावटीचं ऑनलाईन मागवलं, ११ हजार. विक्रेता फोनवर म्हणाला, ‘फ्री साईझ आहे सर, सगळ्या घोड्यांना बसतं.’ आलं ते उंच घोड्याचं, मैनेच्या पाठीवर पाटासारखं डुलत होतं. परत घेईनात. सतरा दिवस, नऊ फोन, ‘घोड्याचा फोटो पाठवा’, मग ‘बाजूनं पाठवा’, मग ‘घोडा सरळ उभा नाहीये’. शेवटी पैसे आले, कुरिअरचे ९४० कापून. दुसरं घेताना जाड तार खांद्यामागे पाठीवर वाकवली, तो आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापला आणि कारागिराला पुठ्ठाच पाठवला. १४,५०० रुपये. बसलं. ज्यांना घोडं घ्यायचंय त्यांनी खोगिराचे पैसे वेगळे काढून ठेवावेत आणि सोबत मिळालेलं तिथंच सोडून यावं.

महिनाभर खोगीरच घातलं नाही, पोरं तिला नुसती हातात धरून बांधावरून फिरवत होती. आता दात लावत नाही, कानही पाडत नाही. पोट अजून थोडं फुगवते, जुनी सवय असावी. एकदा हलका आवळायचा, वीस पावलं चालवायची, मग दुसऱ्यांदा. एवढ्यानं भागतं. हे मला पहिल्या आठवड्यात कुणी सांगितलं असतं तर!

नव्या खोगिराचे साडूकडचे ७,२५० अजून आलेले नाहीत. पोरगा मात्र दर रविवारी सात वाजता हजर असतो, आणि चढण्याआधी तंग स्वतः दोनदा बघतो.