विंडोज १० सोडून लिनक्स मिंट: काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि त्यातही मराठी टायपिंगबद्दल जास्त

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि नागपुरातल्या कितीतरी घरांतले, शिकवणी वर्गांतले, छोट्या ऑफिसांतले धडधाकट लॅपटॉप एकाएकी 'जुने' ठरले. सहाव्या-सातव्या पिढीचा आय३ किंवा आय५, चार-आठ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणून ही यंत्रे दारातच अडतात. सीताबर्डीच्या बाजारात विचारले की एकच उत्तर मिळते, "याच्यावर अकरा नाही चढत, नवीनच घेऊन टाका न भाऊ." चालते यंत्र फेकून नवे घ्यायला माझा ठाम विरोध आहे. त्याच यंत्रावर विंडोजच्या जागी किंवा तिच्या शेजारी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम चालते, आणि हे सगळे त्याच बाजूने लिहिले आहे.

एक गोष्ट आधी सांगतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिले आहेत आणि सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवला तर ते फुकटही मिळतात. तेव्हा घाबरून रात्रीतून फॉरमॅट मारू नका. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवून शिकायला वेळ आहे.

पैसे घालायचेच असतील तर पहिला रुपया एसएसडीवर. मिंट असो की विंडोज, फिरत्या डिस्कवर दोन्ही रखडतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात जिथे खोलीच तापलेली असते तिथे फिरणारे भाग नसलेली डिस्क टिकायलाही बरी. लॅपटॉप उघडलाच आहे तर पंख्याची धूळ काढा आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट बदलून घ्या. प्रोसेसर तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि लोक त्याचा दोष सिस्टीमला देतात.

मिंटच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्या आहेत. चार जीबी रॅमवर एक्सएफसीईच घ्यावी असे माझे सुरुवातीचे मत होते. एसएसडी बसवल्यावर ते बदलले. चार जीबीवर सिनॅमनही ठीक चालते, फक्त ब्राउझरमध्ये दहा-पंधरा टॅब उघडून ठेवायची सवय सोडावी लागते. आठ जीबी असेल तर हा प्रश्न डोक्यातून काढून टाका आणि सिनॅमन घ्या. विंडोजवरून येणाऱ्याला खाली डाव्या कोपऱ्यातला मेनू आणि टास्कबार ओळखीचा वाटतो, शिकवायला कमी लागते. मिंट २२ च्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तेव्हा तीच निवडा.

इन्स्टॉल करण्याच्या पायऱ्या सगळीकडे सापडतात, म्हणून फक्त जिथे माणूस अडकतो त्या जागा सांगतो. मिंट बसवायची आयएसओ फाइल साधारण तीन जीबीची आहे, पेनड्राइव्ह आठ जीबीचा पुरे. पेनड्राइव्हवरून सुरू केले की डिस्कला हात न लावता पूर्ण मिंट चालते. तिथेच वायफाय, आवाज, ब्राइटनेस आणि प्रिंटर तपासा. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉमचे कार्ड असते. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचे इंटरनेट लॅपटॉपला देणे) सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजर उघडा. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रिस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो. तो दहा सेकंदच थांबतो. तेवढ्यात कळ दाबून 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड दिला नाही, तर ड्रायव्हर टाकूनही चालत नाही आणि कारण कळत नाही.

विंडोज शेजारी ठेवणार असाल तर तीन कामे विंडोजमध्येच करा. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का पाहा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज खरेखुरे बंद होतच नाही आणि मिंटमधून डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, त्यात फाइल ठेवता येत नाही. आणि डिस्कची जागा डिस्क मॅनेजमेंटमधून कमी करा, मिंटच्या इन्स्टॉलरवर सोडू नका. दोन्ही सिस्टीम आल्या की विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे पडते. मिंट मदरबोर्डवर जागतिक वेळ लिहिते आणि विंडोज तीच स्थानिक समजते. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, टाइमडेटसीटीएल या आज्ञेने मिंटला स्थानिक वेळ लिहायला सांगितले की हा घोळ कायमचा मिटतो.

आता मुख्य विषय. नव्या माणसाचे मिंटवरचे मत वेगावर किंवा दिसण्यावर ठरत नाही, मराठी टाइप होते की नाही यावर ठरते. आणि इथे मिंट पहिल्याच दिवशी निराश करते. टाइप करण्याची यंत्रणा आत सगळी आहे, पण ती मराठी माणसाला सापडेल अशी मांडलेली नाही. सिस्टीम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग लेआउट्स, तिथे अधिकचे चिन्ह. यादीत 'मराठी' शोधले की कळांच्या मांडणीचे दोन पर्याय दिसतात, इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) आणि 'कगप' फोनेटिक (उच्चारावर चालणारी). आधी इंग्रजीसाठीही 'इंग्लिश, इंडिया, विथ रुपी' ही मांडणी घ्या, त्यात उजवा ऑल्ट आणि ४ दाबले की ₹ येतो. इंग्रजी मांडणी नेहमी यादीत सर्वांत वर ठेवा. मराठी वर गेली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत जातो, तिथे अक्षरांऐवजी ठिपके दिसतात म्हणून ते लक्षातही येत नाही आणि माणूस बाहेरच अडकतो. मांडणी बदलण्याची कळ त्याच खिडकीतल्या पर्यायांतून ठरवा. प्रत्येक खिडकीला वेगळी मांडणी ठेवण्याची खूणही तिथेच आहे, ती करा, म्हणजे एका खिडकीत मराठी आणि शेजारच्या खिडकीत इंग्रजी राहते.

मांडणी निवडली की लगेच एक ओळ टाइप करून बघा: 'ॲपमध्ये दऱ्याखोऱ्या, ऱ्हस्व, बाळ, ऑक्टोबर'. मराठीला लागणारी आणि हिंदी मांडणीत गफलत होणारी जवळजवळ सगळी अक्षरे यात आली. इनस्क्रिप्टमध्ये र हा 'जे'वर आणि ऱ हा शिफ्ट-जेवर असतो. शिफ्ट-जे, मग 'डी'वरचा हलंत, मग य, की 'ऱ्य' तयार. ळ शिफ्ट-एनवर. ॲच्या बाबतीत काळजी घ्या. काही मांडण्यांत ऍ मिळतो, तो हिंदीचा. काही लोक अ टाइप करून त्यावर चंद्र लावतात. डोळ्यांना ते बरोबर दिसते, पण आतला कोड वेगळा असल्यामुळे शोधायला गेलात की 'ॲड.' सापडतच नाही. आकडे देवनागरी येतात आणि अनेक सरकारी फॉर्म ते नाकारतात, म्हणून पिनकोडच्या रकान्यात ४४०००१ भरताना इंग्रजी मांडणीवर या.

ज्यांना इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय आहे त्यांचे इनस्क्रिप्टने भागत नाही, आणि बहुतेक लोक हेच आहेत. मेनूत 'इनपुट मेथड' शोधा, मराठी निवडून त्यातली पॅकेजेस टाका, आयबस ही टायपिंगची यंत्रणा निवडा, लॉगआउट करून परत या. लॉगआउट केल्याशिवाय काहीच बदलत नाही. मग आयबसच्या यादीत मराठीखाली आयट्रान्स, फोनेटिक, गमभन असे पर्याय दिसतात. गमभन या इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायच्या पद्धतीची सवय असलेल्याला काही शिकावे लागत नाही. शासनाच्या टायपिंग परीक्षेमुळे ज्यांचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, बसला आहे त्यांनी यादीतला रेमिंग्टन घेऊन आधी एक पान टाइप करून कळा जुळतात का पाहावे.

या टायपिंगपायी सुरुवातीला मिंटला पाचपैकी तीन तारे द्यायचे ठरवले होते. काही आठवड्यांनी एक तारा परत दिला. एकदा बसवले की इथली इनस्क्रिप्ट इंटरनेटशिवाय चालते, लिब्रेऑफिस, ब्राउझर, फाइलचे नाव, टर्मिनल सगळीकडे तशीच चालते आणि मध्येच स्वतःहून शब्द बदलत नाही. पण पाचवा तारा नाही. मराठी भाषा निवडून मिंट बसवले तर मराठी कीबोर्ड आपोआप तयार असायला हवा, ही अपेक्षा जास्त नाही.

लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे मिंटवरच्या वर्ड-एक्सेलसारख्या ऑफिसमध्ये, आणखी एक गाठ आहे. टूल्स, ऑप्शन्स, भाषांचा विभाग, तिथे 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' समोर मराठी निवडा. ते हिंदीवर राहिले तर शब्दांखाली लाल रेघा येतात, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आहेत त्यांतही हिंदी वळणाचेच उमटतात. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळे साठवले जातात. स्टाइलमध्ये आकार बदलूनही मराठी मजकूर तेवढाच राहिला तर खालच्या देवनागरीच्या रकान्यात बदल करा. फॉन्टसाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्त उत्तम. विंडोजमधला मंगल इथे नसतो, त्यामुळे जुन्या फाइलची पाने पुढेमागे सरकतात.

जुन्या फाइलींचा विषय निघाला की कृतिदेव, शिवाजी, सुरेख, श्रीलिपी हे जुने फॉन्ट आलेच. या फाइली मिंटमध्ये उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा गिचमिडा दिसतो आणि लोक म्हणतात फाइल खराब झाली. फाइल ठीक असते. हे फॉन्ट युनिकोडचे (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच कोड देणाऱ्या पद्धतीचे) नाहीत, इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवलेले आहेत. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधली त्याच फॉन्टची टीटीएफ फाइल आणून दोनदा क्लिक करून इन्स्टॉल करा, मजकूर जसाच्या तसा दिसतो. वाचायला आणि छापायला एवढे पुरते. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करा. आणि ज्यांचा धंदाच लग्नपत्रिका, फ्लेक्स, बिलबुकांचा आहे, कोरलड्रॉ, पेजमेकर आणि श्रीलिपीवर चालतो, त्यांनी त्या यंत्रावर विंडोजच ठेवावे. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनाही हेच सांगेन, टॅलीची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. डिजिटल स्वाक्षरीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर लिनक्सचा ड्रायव्हर आहे का हे टोकन देणाऱ्याला आधी विचारा.

अपडेट. मिंट तुम्हाला न विचारता रिस्टार्ट होत नाही, आणि रोज कामाला बसणाऱ्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण बॅटरी मेलेला लॅपटॉप असेल तर मृगाच्या आधीच्या वादळवाऱ्यात, वीज जा-ये करत असताना अपडेट लावू नका. मध्येच वीज गेली आणि मिंट सुरू होईना, तर सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबून ग्रबचा (सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड घ्या आणि 'डीपीकेजी' निवडा. अर्धवट राहिलेली पॅकेजेस तो पूर्ण करतो. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (सिस्टीमच्या प्रती काढून ठेवणारा प्रोग्राम) लावून ठेवा, पण छोट्या एसएसडीवर दोन-तीनच प्रती राखा, नाहीतर जागा गुपचूप भरत जाते. टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फाइली जपतो. तुमचे फोटो आणि कागदपत्रे त्यात नसतात, ती वेगळ्या डिस्कवर ठेवा.

प्रिंटरबाबत निर्णय मॉडेलवर अवलंबून आहे. नवे वायफाय प्रिंटर बहुधा आपोआप सापडतात. एचपी लेझरजेट १०२० सारख्या मॉडेलला दरवेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर लागते. मिंट प्रिंटर ओळखते, काम पूर्ण झाले असेही सांगते, कागद मात्र बाहेर येत नाही. एचपीलिप या एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे प्लगिन (जोडप्रोग्राम) टाकले की छपाई सुरू होते. प्लगिन आणि एचपीलिप यांची आवृत्ती एकच लागते, म्हणून मिंटची मोठी आवृत्ती बदलली की ते परत टाका. दुकानांत अजूनही दिसणारा कॅनन एलबीपी २९०० कॅप्ट नावाच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो आणि लिनक्सच्या नेहमीच्या ड्रायव्हरना ती कळत नाही. तो प्रिंटर असेल तर विंडोजचे पार्टिशन पुसू नका. मिंटमधून पीडीएफ बनवा आणि छपाई विंडोजमधून करा.