‘कार्ड गेलं’ सांगून साडेसोळा हजार: बेकरी ओव्हनच्या दुरुस्तीतली फसवणूक

नागपुरात इतवारीकडच्या एका छोट्या बेकरीत दोन डेकचा (कप्प्यांचा) इलेक्ट्रिक ओव्हन सकाळी चालू केला, तर डिस्प्लेवर तापमानाऐवजी ‘ओपन’ आलं आणि हीटर लागेनात. ऑर्डरचा पाव अडकलेला. इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवरून मेकॅनिक बोलावला. त्याने मीटर न लावताच पॅनल उघडलं, ‘व्होल्टेज जास्त आलं, कार्ड गेलं’ (कार्ड म्हणजे तापमान सांभाळणाऱ्या कंट्रोलरचा सर्किट बोर्ड) असं सांगितलं, नऊ हजार आगाऊ घेतले आणि कार्ड काढून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ‘नवीन कार्ड’ आणि सोबत नवा सेन्सर बसवून उरलेले साडेसात हजार घेतले. बिल दिलं नाही.

फसवणूक इथेच झाली होती. डिस्प्लेवर ‘ओपन’ येतं तेव्हा कार्ड बहुतेक वेळा शाबूत असतं आणि आपलं काम करत असतं. थर्मोकपलची, म्हणजे ओव्हनचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरची, तार कुठेतरी तुटली की कंट्रोलरला तापमान कळत नाही, म्हणून तो सुरक्षेसाठी हीटर बंद ठेवतो. तार बहुतेक वेळा ओव्हनच्या मागे, गरम पत्र्याला घासते त्या वळणावर तुटते. सेन्सर काही शे रुपयांत मिळतो, बर्डीवरही मिळतो.

हे तपासायला मल्टिमीटर पुरतो. मेन एमसीबी (सप्लाय तोडणारा स्विच) पाडा, टर्मिनलवर सप्लाय नाही याची मीटरने खात्री करा. सेन्सरच्या दोन्ही तारा सोडवून ओहम मोजा. चांगला थर्मोकपल काही ओहमच दाखवतो. मोजताना वळणावरची तार हलवा, आकडा उडाला तर तार आतून तुटली आहे. मग कंट्रोलरच्या सेन्सर टर्मिनलवर तारेचा छोटा तुकडा जोडा, हीटरचे एमसीबी बंद ठेवा आणि फक्त कंट्रोलरला सप्लाय द्या. डिस्प्लेवर खोलीच्या आसपासचं तापमान आलं तर कंट्रोलरचं इनपुट ठीक आहे. हीटर बंद ठेवायला विसरू नका. तुकडा जोडलेला असताना कंट्रोलरला ओव्हन थंडच वाटतो आणि तो हीटर चालूच ठेवतो, कितीही तापलं तरी. (पीटी-100 हा तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा वेगळा सेन्सर; त्याला ही तुकड्याची युक्ती चालत नाही. त्याचा रेझिस्टन्स 30 अंशाला सुमारे 112 ओहम यायला हवा, मे महिन्यातल्या 45 अंशांत 117 च्या जवळ.)

प्रकरण तिथे संपलं नाही. पावाला रंग येईना. डिस्प्ले 200 दाखवतोय, वेळ तीच, तरी पाव पांढुरका आणि आतून ओला. तोच मेकॅनिक पुन्हा आला आणि म्हणाला, ‘हीटर कमजोर झाले, सगळे बदला.’ आकडा पहिल्यापेक्षा मोठा होता. या वेळी मालकांनी पैसे देण्याआधी दुसरीकडे तपासून घेतलं, आणि सगळं बाहेर आलं.

के आणि जे हे थर्मोकपलचे दोन प्रकार. कंट्रोलर के टाइपवर सेट होता आणि मेकॅनिकने बसवलेला सेन्सर जे टाइपचा होता. जे टाइप तेवढ्याच तापमानाला जास्त मिलिव्होल्ट देतो. के टाइपवरचा कंट्रोलर ते वाचून डिस्प्लेवर 200 दाखवतो, तेव्हा ओव्हनमध्ये जेमतेम 160 असतात. सेटिंगमध्ये सेन्सर टाइप बदलताच पाव पूर्वीसारखा भाजला गेला. हीटरमध्ये काहीच दोष नव्हता. हीटरची कॉइल तुटते किंवा बॉडीला लागते. एकदम सगळे हीटर ‘कमजोर’ झाले असं कोणी म्हटलं तर पुरावा मागा. 2 किलोवॉटचा हीटर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो, थंड असताना सुमारे 26 ओहम दाखवतो. क्लॅम्प मीटर (तारेभोवती लावून करंट मोजणारा) प्रत्येक हीटरच्या तारेला लावून आकडा दाखवायला मिनिटभर लागतो. सगळ्यांचे आकडे बरोबर आले तर बदलायचं काय?

आणि ‘नवीन कार्ड’? कार्ड काढताना बेकरीतल्या पोराने सहज मोबाइलवर फोटो काढला होता. त्यात बारकोडच्या स्टिकरवरचा नंबर दिसतो, टर्मिनलच्या कोपऱ्यात घट्ट बसलेला मैदा दिसतो, एका स्क्रूची घासलेली खाच दिसते. ओव्हनमधल्या ‘नवीन’ कार्डावर तोच नंबर, तीच खाच, तोच मैदा. पुसण्याचेही कष्ट त्याने घेतले नव्हते. गरीब माणसाच्या कमाईवर इतक्या निर्धास्तपणे हात मारलेला पाहून चीड येते.

कार्ड खरंच जातं, नाही असं नाही. न्यूट्रल सुटून एका फेजवर व्होल्टेज चढलं तर सप्लायजवळचा व्हॅरिस्टर (जास्त व्होल्टेजपासून कार्ड वाचवणारा भाग) फुटलेला, काळा पडलेला दिसतो. पॅनलच्या पंख्यात मैदा साचून आत उष्णता कोंडली तर कपॅसिटरची डोकी फुगतात. पण डिस्प्ले पूर्ण बंद असेल तरी आधी काचेचा फ्यूज आणि कंट्रोलरच्या टर्मिनलवरचे 230 व्होल्ट बघायचे. उलट हीटिंग थांबतच नसेल तर हीटर चालू-बंद करणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटलेले असतात किंवा त्याच कामाचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले) शॉर्ट झालेला असतो. तिथेही कार्डावर संशय शेवटी.

कार्ड बाहेर जाऊ देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि नंबर लिहून घेऊन त्यावर मेकॅनिकची सही घ्या. बदललेला भाग, मग तो जळका का असेना, आपल्याकडेच ठेवा. बिलावर सेन्सरचा टाइप आणि कार्डाचा नंबर लिहून मागा. पैसे यूपीआयने द्या. या बेकरीवाल्यांकडे बिल नव्हतं, पण यूपीआयची नोंद आणि तो फोटो होता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. स्वतः राबून पोट भरण्यासाठी चालवलेल्या धंद्याला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणून दाद मागता येते. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेले पैसे 5 लाखांपर्यंत असतील तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीची फी लागत नाही, आणि तक्रार 2 वर्षांच्या आत करायची असते.