व्हिक्टोरिया की न्यू साउथ वेल्स? मूलनिवासी खात्याच्या अभ्यासासाठी राज्य निवडताना

ऑस्ट्रेलियातल्या मूलनिवासी खात्याच्या, म्हणजे मूलनिवासींचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या, इतिहासावर प्रबंध करायचा ठरलंय, पण राज्य कुठलं घ्यावं ते ठरत नाही, अशांसाठी हे लिहितो आहे. राज्य निवडावंच लागतं, कारण १९६७ च्या सार्वमतापर्यंत राज्यांमधल्या मूलनिवासींसाठी खास कायदे करण्याचा अधिकार केंद्राला नव्हताच. सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त मतं ‘हो’ पडली आणि तो मिळाला. तोवरची बरी-वाईट सगळी करणी राज्यांची.

आधी एक सांगतो. ‘आदिवासी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे अनुसूचित जमातींची यादी आणि पाचवी अनुसूची येते. तिथे असं काही नाही. म्हणून मी ‘मूलनिवासी’ म्हणतो, तुम्हीही आपल्याकडची चौकट तिकडे लावू नका.

वेगळं खातं आधी निघालं ते व्हिक्टोरियात, १९६८ च्या पहिल्या दिवशी. पण त्यामागे मूलनिवासींवर देखरेख करणारी १८६० पासूनची सरकारी मंडळं होती आणि खरी गोष्ट त्यांच्या काळात घडते. मेलबर्नजवळच्या कोरांडर्कला १८६३ मध्ये मूलनिवासींनी वस्ती वसवली, पुढे हॉप्सची (बिअरमध्ये घालतात त्या वेलीची) शेती नावारूपाला आणली. वस्ती हलवायचे बेत सुरू झाले तेव्हा वस्तीचे पुढारी विल्यम बराक आणि त्यांचे सोबती पायी मेलबर्न गाठून मंत्र्यांसमोर उभे राहिले. १८८१ ला चौकशी बसली आणि वस्तीतल्या लोकांच्या जबान्या नोंदवल्या गेल्या. एवढं करून १८८६ च्या कायद्याने मिश्र वंशाच्या तरुण माणसांना वस्तीबाहेर काढलंच. कसणारे हातच गेले. १९२४ मध्ये कोरांडर्क बंद झालं. त्या जबान्या वाचताना माझा जीव अजूनही गलबलतो.

नवं खातं मात्र सातच वर्षं टिकलं. १९७४ च्या कायद्याने त्याचं काम केंद्राकडे गेलं. पण तेवढ्यात एक मोलाची गोष्ट झाली: लेक टायर्स आणि फ्रॅमलिंगहॅम या दोन वस्त्यांची जमीन १९७१ मध्ये रहिवाशांच्या ट्रस्टांच्या नावावर चढली. लेक टायर्स मोडण्याच्या धोरणाविरुद्ध मूलनिवासी पुढारी डग्लस निकोल्स यांनी १९६३ मध्ये, खात्याआधीच्या कल्याण मंडळाचा राजीनामा दिला होता, हेही त्याच्याशी जोडून पाहा.

न्यू साउथ वेल्सचा पसारा मोठा आणि जास्त काळोखा. संरक्षण मंडळ १८८३ चं, त्याला कायद्याचं बळ १९०९ ला मिळालं. १९१५ च्या दुरुस्तीनंतर तर न्यायालयासमोर न जाताच मूल आईबापांपासून तोडता येऊ लागलं. मुली कूटामंड्राच्या वसतिगृहात गेल्या, मुलगे किंचेलाला. १९४० मध्ये पाटी बदलून ‘कल्याण मंडळ’ झालं, ते १९६९ ला बरखास्त झालं, आणि स्वतंत्र मंत्रालय यायला १९८२ उजाडलं. फ्रँक वॉकर पहिले मंत्री.

उशिरा आलं, पण येताना जमिनीचा प्रश्न हाती घेऊन आलं. १९८३ च्या भूमिहक्क कायद्याने स्थानिक भूमी परिषदा उभ्या केल्या आणि राज्याच्या जमीन कराच्या उत्पन्नातला साडेसात टक्के वाटा पंधरा वर्षं त्यांच्यासाठी राखला. व्हिक्टोरियाच्या खात्याला असं काही जमलं नव्हतं. मात्र मूलनिवासींच्या राखीव जमिनी पूर्वी काढून घेण्याचे जे निर्णय झाले होते, त्यांना त्याच वर्षी दुसऱ्या एका कायद्याने मागच्या तारखेपासून वैध ठरवलं. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने परतीची वाट बंद केली. हे विसरून १९८३ चं नुसतं कौतुक करणारं लेखन मला पटत नाही.

आता कागदपत्रं, कारण निवड शेवटी तिथेच अडते. व्हिक्टोरियाचं काम केंद्राकडे गेल्याने दप्तर राज्य अभिलेखागार आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांच्यात विभागलं गेलंय, दोन्हीकडे शोधावं लागतं. पण १८८१ च्या जबान्या छापील आहेत, त्या भारतात बसूनही वाचता येतील. न्यू साउथ वेल्समध्ये मंडळांच्या दप्तरात कुटुंबांची खासगी माहिती आहे, म्हणून परवानगी लागते. ती अडचण मानू नका. ज्यांची मुलं नेली, त्यांचीच ती कागदपत्रं आहेत आणि त्यांच्या वारसांचा हक्क तुमच्या प्रबंधाच्या आधी येतो.

हाताशी एकच वर्ष असेल आणि प्रवास जमणार नसेल, तर व्हिक्टोरिया घ्या. गोष्ट आटोपशीर आहे आणि आजपर्यंत पोचते: राज्य आणि मूलनिवासी यांच्यातल्या करारप्रक्रियेचा २०१८ चा कायदा, २०१९ ची निवडून आलेली मूलनिवासी सभा. पैसा, जमीन आणि खातं यांचं नातं तपासायचं असेल आणि दोन-तीन वर्षं देता येणार असतील, तर न्यू साउथ वेल्स. माझा स्वतःचा कल याच राज्याकडे आहे. ते घेतलंत तर पहिल्या आठवड्यात १९८३ चे ते दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचा.