येसोडचे फॉर्म: लालबागच्या डंकावरून अभिप्राय

हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट करणाऱ्याने येसोड या वेब फ्रेमवर्कची फॉर्म लायब्ररी, म्हणजे फॉर्म बनवायचा तयार कोड, वापरावी का? फॉर्ममधल्या चुकीचे पैसे जिथे कुणाला तरी खिशातून भरावे लागतात, तिथे जरूर वापरावी.

मी ती लालबागच्या मसाला गल्लीत, मामीच्या डंकाच्या (मसाला कुटायच्या गिरणीच्या) ऑर्डरींसाठी वापरतो. नाव, फोन, मिरचीची जात, वजन, मसाला न्यायची तारीख, एवढाच फॉर्म. पण उन्हाळ्यात गर्दी झाली की वजनाच्या रकान्यात काय काय येतं! कुणी मराठी अंक लिहितं, कुणी इंग्रजी, कुणी सरळ ‘अडीच’ किंवा ‘पावणेदोन किलो’.

येसोडचा तयार पूर्णांकाचा रकाना फक्त इंग्रजी अंक ओळखतो, म्हणून वजनाचा रकाना मी स्वतः केला. साध्या मजकुराच्या रकान्याला लायब्ररीतलं ‘चेक-एम-मॅप’ (checkMMap) लावायचं. ते दोन फंक्शनं मागतं: मजकुरातून ग्रॅम काढणारं आणि ग्रॅमवरून परत मजकूर करणारं. ‘अडीच’चे २५०० होतात, ‘पावणेदोन’चे १७५०, आणि ‘थोडी’ आलं तर चूक म्हणून परत जातं. तिथून पुढे हिशेबाच्या आणि पावतीच्या कोडला फक्त ग्रॅम दिसतात. ग्रॅमला स्वतःचा टाइप (माहितीचा वेगळा प्रकार) दिलाय, त्यामुळे कोडमध्ये वजनाच्या जागी फोन नंबर घातला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालायच्या आधीच अडतो. ही शाश्वती मला फार मोलाची वाटते.

ग्राहकालाही त्याचा फायदा आहे. तीन रकाने चुकले तर तिन्ही चुका एकदम समोर येतात, लिहिलेलं पुसलं जात नाही. अॅप्लिकेटिव्ह पद्धतीने, म्हणजे प्रत्येक रकाना स्वतंत्र तपासून निकाल शेवटी एकत्र करत, रकाने जोडल्यामुळे हे आपोआप होतं. ही जोडणी फॉर्मलेटच्या, म्हणजे छोटे फॉर्म जोडून मोठा करायच्या, विचारातली. तो कूपर, लिंडली, वॉडलर आणि यॅलप यांनी २००८ च्या शोधनिबंधात नीट मांडला. दुसऱ्या साइटवरून कुणी परस्पर फॉर्म पाठवू नये म्हणून लागणारं टोकनही (गुप्त खूण) POST पद्धतीने पाठवायच्या फॉर्मला लायब्ररीच लावते.

चुकांचे संदेश मुळात इंग्रजीत असतात. प्रत्येक संदेश हा संदेशांच्या टाइपचा वेगळा कन्स्ट्रक्टर (नाव असलेला पर्याय) असल्याने मी एकेकाचं मराठी लिहीत गेलो. एखादा राहिला तर इशारे चालू ठेवलेला कंपायलर नावानिशी सांगतो. ‘तारीख नीट लिहा’ हे वाचून मामीच्या वयाच्या बाया स्वतः फॉर्म दुरुस्त करतात, फोन करून विचारत नाहीत.

तक्रारीही आहेत. टाइप चुकला की कंपायलरचा संदेश लांबलचक येतो आणि नवख्याला त्यातून काही कळत नाही. टेम्पलेट हॅस्केलमुळे (कंपाइल होतानाच कोड तयार करणारी हॅस्केलची सोय) कंपाइल व्हायलाही वेळ जातो. मजकुराचा रकाना कडेच्या मोकळ्या जागा छाटत नाही. नावात नुसती स्पेस दिली तरी ‘भरलं’ असंच धरतो, ती छाटणी आपण लावायची. बेडगी आणि संकेश्वरीचे रकाने फोनवर शेजारी-शेजारी हवे असतील तर तयार मांडणी पुरत नाही, मोनॅडिक फॉर्म लिहून प्रत्येक रकाना हाताने बसवावा लागतो.

नुसता ‘संपर्क करा’ फॉर्म हवा असेल तर एवढा खटाटोप करू नका. पण तोलामापाचा किंवा पैशांचा हिशेब असेल, तर आधी वजनासारखा एकच रकाना स्वतःच्या टाइपने करून बघा. बाकीचे रकाने नंतर हळूहळू बदलता येतात.