मुलीसाठी घेतलेले जीपीएस घड्याळ आणि गेलेले १९,२६८ रुपये

लहान मुलांच्या जीपीएस घड्याळाच्या नावाखाली नागपुरातल्या पालकांना लुबाडणाऱ्यांनी माझ्याकडून १९,२६८ रुपये उकळले. रक्कम मुद्दाम पूर्ण लिहिते आहे, कारण ‘काही हजार गेले’ असे मोघम लिहिले की वाचणाऱ्याला ते किरकोळ वाटते आणि लिहिणाऱ्याची लाजही थोडी झाकली जाते. बुकिंगचे २,४९९, पार्सल दारात आल्यावर रोख १०,०००, ‘ॲक्टिव्हेशन’चे १,७७० आणि परत मिळणार होती त्या अनामतीचे ४,९९९, असा तो हिशेब आहे. शासकीय कार्यालयाच्या लेखा शाखेत इतरांची बिले तपासून त्यांवर हरकती काढणे हे माझे रोजचे काम आहे, त्यामुळे हे सांगताना तोंड लपवावेसे वाटते. तरीही लिहिते, कारण ती जाहिरात अजूनही सुरू आहे.

दुसरीतल्या पोरीला एवढे महागाचे घड्याळ हवेच कशाला, हा प्रश्न मला आतापर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने विचारला आहे. सासूबाईंनी तो खरेदीच्या आधीच विचारला होता: “एवढ्याशा पोरीच्या हातात हजारोंचं घड्याळ घालून शाळेत पाठवता, उद्या कोणी हातच धरला तर?” प्रश्न रास्त होता, परंतु माझी गरजही खोटी नव्हती. यजमान नोकरीनिमित्त चंद्रपूरला असतात, शाळेत मोबाइलला बंदी आहे, मी संध्याकाळपर्यंत कार्यालयात असते आणि मधल्या काळात मुलगी शाळेच्या व्हॅनच्या भरवशावर असते. पावसाळ्यात एकदा व्हॅन वाटेत बंद पडली, व्हॅनवाल्या काकांचा फोन लागेना आणि मुलगी कुठे आहे हे कळायला कोणताही मार्ग नव्हता. ज्यांच्या घरी दुपारी दार उघडायला कोणी असते, त्यांनी ‘हौस नडली’ असे म्हणण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे. ही हौस नव्हती. या टोळीचा सारा धंदाच आईबापांच्या भीतीवर चालतो, आणि भीती पाहिजे तेवढी महाग विकता येते हे त्यांना नेमके ठाऊक आहे.

जाहिरात समाजमाध्यमावर दिसली. पानाच्या नावात नागपूर होते, पत्ता सीताबर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांपैकी एका गल्लीचा होता, जिथे मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू घ्यायला अर्धे नागपूर जाते, आणि २१,९९० रुपयांचे घड्याळ १२,४९९ रुपयांना मिळणार होते. किंमत दोन-तीन हजार असती तर मी ती जाहिरात पुढे सरकवली असती. स्वस्त वस्तूचा संशय येतो, महाग वस्तूवरच्या सवलतीचा येत नाही, हे यांचे गणित फार पक्के आहे. फोनवरचा माणूस मला ‘ताई’ म्हणत होता, त्याला आमच्या भागातली शाळांच्या व्हॅनची वेळ माहीत होती, आणि दुकानात येऊन घड्याळ पाहू का असे विचारल्यावर, “ताई, दुकानात फक्त सर्व्हिसिंग होते, माल बुटीबोरीच्या गोदामातून थेट घरी येतो,” असे उत्तर त्याने न अडखळता दिले. २,४९९ रुपये यूपीआयने पाठवताना पडद्यावर दुकानाचे नाव न येता एका व्यक्तीचे नाव आले. ते आमच्या अकाउंटंटचे खाते आहे, असे सांगण्यात आले. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर जे नाव येते ते बँकेच्या नोंदीतले असते; ते दुकानाचे नसेल तर समोरचा काहीही सांगो, पिन टाकू नका.

पार्सल आणणाऱ्या मुलाने पैसे घेतल्याशिवाय खोके उघडू देण्यास साफ नकार दिला. “मॅडम, आम्हाला तशी परवानगी नाही,” एवढेच तो म्हणत राहिला. १०,००० रुपये रोख मोजून घेऊन तो गेला. आतले घड्याळ गुलाबी पट्ट्याचे, दिसायला अगदी जाहिरातीतल्यासारखेच होते, हे मी मान्य करते. कचरा भरून पाठवणारे ठग निराळे. मात्र खोक्यावर आयातदाराचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, कमाल विक्री किंमत नव्हती आणि वस्तू कोणत्या देशात बनली तेही नव्हते. वेष्टनावर या गोष्टी छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार बंधनकारक आहे. स्मार्ट घड्याळावर भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही हवा, जो ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून पाहता येतो. तोही नव्हता.

घरातले जिओचे सिम त्यात चालेना, कारण जिओचे जाळे ४जीपासूनच सुरू होते आणि हे घड्याळ निव्वळ २जी निघाले. दुसऱ्या कंपनीचे सिम आणून घातले तेव्हा ॲपवर नकाशा उघडला. मुलगी त्रिमूर्तीनगरच्या आमच्या घरात, दिवाणखान्यात गृहपाठ करत बसली होती आणि नकाशावरचा तिचा ठिपका अंबाझरी तलावाच्या मधोमध, चारही बाजूंना पाणीच पाणी अशा जागी लुकलुकत होता. क्षणभर माझ्या पोटात गोळा आला, ती समोर बसलेली दिसत असूनसुद्धा. अशा घड्याळात बहुधा खरा जीपीएस नसतोच. ते जवळच्या मोबाइल टॉवरवरून अंदाज बांधते आणि तो अंदाज शेकडो मीटर, कधी त्याहूनही जास्त चुकतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असण्याची अपेक्षा कोणत्या आईकडून करायची? तक्रार केल्यावर सांगण्यात आले की उपग्रहाशी जोडणी अजून व्हायची आहे आणि त्यासाठी ॲक्टिव्हेशन शुल्क भरावे लागेल. जीपीएसचे संकेत जगभर फुकट मिळतात, त्यासाठी कोणालाही एक रुपयाही द्यावा लागत नाही. ‘उपग्रह शुल्क’ हे शब्द कानावर पडले की फोन ठेवून द्यावा.

त्या शुल्काचे बिल आले, आणि आजही डोळ्यांसमोरून जात नाही ते हे बिल. मूळ रक्कम १,५००, केंद्रीय कर ९ टक्क्यांनी १३५, राज्य कर ९ टक्क्यांनी १३५, एकूण १,७७०. बेरीज बिनचूक होती. वर १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक ठळक छापलेला होता आणि त्याचे पहिले दोन आकडे ०७ होते. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, ०७ म्हणजे दिल्ली. सीताबर्डीतल्या दुकानाचा क्रमांक ०७ ने सुरू होऊ शकत नाही, आणि विक्रेता खरोखरच दिल्लीचा असेल तर नागपूरच्या ग्राहकाच्या बिलावर केंद्र आणि राज्य असे दोन भाग न पडता १८ टक्के एकात्मिक कर लागायला हवा. म्हणजे एकाच कागदावर दोन परस्परविरोधी गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या. असे बिल कार्यालयात कोणी माझ्या टेबलावर ठेवले असते तर लाल शाईने हरकत लिहून ते त्याच दिवशी परत गेले असते. हा व्यवहार तिथेच संपायला हवा होता, हे मला कोणी सांगायला नको. परंतु ते बिल टेबलावर आले नव्हते. मार्चअखेरच्या धावपळीत रात्री उशिरा, मुलीला झोपवताना, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर पुसटसे छायाचित्र म्हणून आले होते. बेरीज पाहिली, ती जुळली, पैसे पाठवले. हे लोक बिल पाठवतात तेच मुळी आपला तपासण्याचा उत्साह बेरजेवर संपावा म्हणून. कोणताही जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की तो कोणाच्या नावावर आहे ते लॉगिन न करताही दिसते. तो क्रमांक मी नंतर टाकून पाहिला, तर तो घड्याळांशी काडीचाही संबंध नसलेल्या, दुसऱ्याच कोणाच्या व्यवसायाचा निघाला.

४,९९९ रुपयांबद्दल फार लिहीत नाही. घड्याळात सिम असल्याने त्याच्या आयएमईआयची, म्हणजे उपकरणाच्या ओळखक्रमांकाची, ‘बालसुरक्षा नोंदणी’ करावी लागते, नाहीतर सिम बंद होऊन पालकांवर कारवाई होते, रक्कम मात्र आठवडाभरात परत मिळते, असे सांगून ती घेण्यात आली. अशी कोणतीही नोंदणी नसते. सिम असलेल्या उपकरणाचा आयएमईआय खरा आहे का हे पाहायचे असेल तर ‘केवायएम’ (KYM) ही तीन मोठी रोमन अक्षरे, थोडी जागा आणि तो १५ आकडी क्रमांक असा संदेश १४४२२ वर पाठवावा. पैसे मिळाल्यावर त्या ‘ताई’ म्हणणाऱ्याने मला ब्लॉक केले.

पैशांपेक्षा अधिक बोचते ते वेगळेच. ॲप सुरू करताना मुलीचे नाव, जन्मतारीख, शाळा, इयत्ता, घरचा पत्ता आणि छायाचित्र मागितले होते आणि ते सारे मी भरले होते. मुलांच्या अशा घड्याळांतून परका माणूसही मूल कुठे आहे ते पाहू शकतो, हे नॉर्वेच्या ग्राहक परिषदेने २०१७ मध्येच तपासून दाखवले होते, आणि दुरून गुपचूप आवाज ऐकता येणारी मुलांची घड्याळे जर्मनीने त्याच वर्षी बाजारातून बाद केली होती. ज्या वस्तूने मुलगी कुठे आहे हे मला कळायचे होते, तिने ते अनोळखी माणसांना कळवले. घड्याळ बंद करून सिम काढून ठेवले आहे. भरलेली माहिती मात्र परत घेता येत नाही.

आता तक्रारीची कहाणी. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केला, तक्रार नोंदली गेली, पोचक्रमांक मिळाला, येथवर सारे सुरळीत झाले. पुढे आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेले, तर सुरुवात ऑनलाइन झाली आहे तेव्हा हे सायबरवाल्यांचे काम, असे ऐकवण्यात आले. सायबर गुन्ह्यांचे काम पाहणाऱ्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने कागद चाळले आणि म्हटले, “मॅडम, दहा हजार तर तुम्ही कॅश दिली ना? मग ते सायबर कसं?” उरलेल्या ९,२६८ रुपयांचे काय, असे विचारल्यावर, एवढ्या रकमेच्या तक्रारी येथे रोज येतात, आधी स्थानिक ठाण्यातून या, असे उत्तर मिळाले. म्हणजे एकाच ठगाने, एकाच वस्तूसाठी, एकाच बाईकडून घेतलेल्या पैशांचे दोन तुकडे करून प्रत्येकाने आपल्याकडचा तुकडा दुसऱ्याकडे ढकलला. फसवणुकीच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. दोन्ही कायदे १ जुलै २०२४ पासून लागू आहेत. मी कलमे सांगितली तेव्हा समोरच्या गृहस्थांनी, “मग तुम्हीच लिहून घ्या की एफआयआर,” असे म्हटले आणि शेजारचे दोघे हसले. त्या हसण्याचा राग अजून उतरलेला नाही. पगार घेऊन खुर्चीवर बसलेल्या माणसाला नागरिकाने कायदा वाचून येणे हा उद्धटपणा वाटत असेल तर ठगांनी घाबरायचे कोणाला?

बँकेत वेगळाच पाठ ऐकायला मिळाला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांतले संरक्षण ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना आहे; तुम्ही स्वतः पिन टाकलात, तेव्हा तो व्यवहार तुमचाच. नियम म्हणून ते बरोबर असेल, पण समोरचे खाते निदान गोठवण्याची विनंती तरी पुढे पाठवा म्हटल्यावर अर्ज ठेवून घेण्यापलीकडे काहीही झाले नाही. पार्सल कंपनी म्हणते, आम्ही केवळ वाहतूक करतो. समाजमाध्यमाकडे जाहिरातीची तक्रार केली, तर तिच्यात त्यांच्या नियमांचा भंग आढळला नाही असे छापील उत्तर आले. त्या जाहिरातीतून पैसे मिळवणाऱ्यांना भंग दिसणार तरी कसा?

छापलेल्या पत्त्यावर सीताबर्डीला मी स्वतः जाऊन आले. तिथे चपलांचे दुकान आहे. घड्याळ म्हणताच मालकांनी कपाळावर हात मारला. माझ्यासारखे बरेच लोक त्यांच्याकडे विचारत येतात आणि काही जण त्यांच्यावरच धावून जातात. दुकान बर्डीत आहे असे कोणी सांगितले तर पैसे पाठवण्यापूर्वी मेट्रोने जाऊन यावे. तिकीट या सगळ्यापेक्षा फार स्वस्त पडते.

घड्याळ घ्यावे की नाही, हे मला आता अनेक आया विचारतात. नामांकित कंपनीचे, ४जी असलेले घड्याळ घ्यायचेच असेल तर दुकानात उभे राहून, आपले सिम घालून, रस्त्यावर दहा पावले चालून नकाशा पाहूनच घ्यावे. तरीही शाळेच्या इमारतीत छपराखाली ते अंदाजच सांगेल, हे लक्षात ठेवावे. पहिली-दुसरीच्या मुलाच्या मनगटावर वीस हजारांची वस्तू असणे ही मला आता स्वतंत्र जोखीम वाटते, आणि या बाबतीत सासूबाईंशी वाद घालण्यात अर्थ नाही. व्हॅनवाल्या काकांचा दुसरा फोन क्रमांक आणि व्हॅनमधल्या इतर मुलांच्या पालकांचे क्रमांक जवळ असणे, एवढ्याने माझे निम्मे काम आज होते आहे, आणि त्याला पैसे पडलेले नाहीत.

ग्राहक आयोगाकडे जाण्याची तयारी सुरू आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वस्तूसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. अडचण एवढीच की प्रतिवादीचे नाव आणि पत्ता द्यावा लागतो, आणि तो माझ्याकडे फक्त पार्सलच्या वरच्या प्लॅस्टिक पिशवीवर आहे. पाठवणारा म्हणून तिथे दिल्लीतले एक नाव, गोदामाचा पत्ता आणि बारकोड आहे. ती पिशवी मी कचऱ्यात टाकली होती आणि सासूबाईंकडून दूध तापवायच्या गडबडीत डबा बाहेर ठेवायचे राहिल्यामुळेच ती वाचली. ज्यांनी असे घड्याळ घेतले आहे त्यांनी ती पिशवी, बिलाचे छायाचित्र आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवावा, संभाषण पुसू नये. एकसारखी तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. चपलांच्या दुकानाच्या मालकांनी, यापुढे जो कोणी घड्याळ विचारत येईल त्याचे नाव वहीत लिहून ठेवण्याचे कबूल केले आहे. बर्डीला जाणाऱ्यांनी आपले नाव तिथे नोंदवावे.