दोन लाख अकरा हजार किलोमीटर झालेली गाडी विकली नाही, त्यानंतरचे सोळा महिने

सोळा महिन्यांपूर्वी गॅरेजमधून एक कागद हातात आला. त्यावर अकरा कामं आणि तळाला बेरीज. गाडी आहे तशी विकली असती तर जेवढं हाती आलं असतं, त्याच्या जवळपास दोन तृतीयांश. मीटरवर २,११,००० किलोमीटर, गाडीचं वय चौदा वर्षं, १.४ लिटरचं पेट्रोल इंजिन, पाच गिअर. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला" हे त्या आठवड्यात मला घरात एकदा आणि ऑफिसात तीनदा ऐकवण्यात आलं.

मी गाडी ठेवली. आज मीटर २,३८,००० च्या पुढे आहे. कुठे पैसे योग्य जागी लागले आणि कुठे पाण्यात गेले, ते लिहिते. पाण्यात गेलेले आधी आठवतात, पण सुरुवात त्या कागदापासूनच करायला हवी.

मी तो कागद एकच काम असल्यासारखा वाचत होते: एवढे पैसे द्या, नाहीतर गाडी काढा. दोन रात्री तशाच गेल्या. तिसऱ्या दिवशी गॅरेजात जाऊन प्रत्येक ओळीवर बोट ठेवून मेकॅनिकला एकच विचारलं, "हे नाही केलं तर काय होईल, आणि किती दिवसांत?" आधी तो वैतागला. पण मग उत्तरं द्यायला लागला तेव्हा कागदाचे आपोआप तीन तुकडे झाले. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवणारा दातेरी पट्टा), डाव्या पुढच्या चाकाचा बॉल जॉइंट (चाक धरून ठेवणारा फिरता सांधा) आणि चिरा पडलेला ब्रेकचा होज, म्हणजे रबरी नळी, ही तीन कामं थांबणारी नव्हती. बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं पडतं, तिथे घासाघीस करायची नसते. क्लच, इंजिनचं माउंटिंग, मागचे शॉकअॅब्सॉर्बर वगैरे पुढे ढकलता येण्यासारखं. आणि दोन ओळींबद्दल तो स्वतःच म्हणाला, "तसं काही नाही मॅडम, गाडी उघडलीच आहे तर करून टाकू म्हटलं." त्या दोन ओळी तिथल्या तिथे खोडल्या.

टायमिंग बेल्टबद्दल थोडं सविस्तर, कारण जुनी गाडी घेणाऱ्या निम्म्या लोकांना आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन हेसुद्धा माहीत नसतं. मलाही नव्हतं. माझ्या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन वर येतो तेव्हा उघडा राहिलेला व्हॉल्व्ह त्याच्या वाटेत असतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उतरवावा लागतो, आणि तो खर्च बेल्टच्या कामाच्या कितीतरी पट. सगळ्या इंजिनांत असं होत नाही, पण आपलं कुठल्या जातीचं आहे ते बेल्ट तुटायच्या आधी कळलेलं बरं. बेल्टला किलोमीटरची मुदत असते तशी वर्षांचीही असते, हे लोक विसरतात. मी गाडीची दुसरी मालकीण. आधीच्या बिलांत बेल्टचा उल्लेखच नव्हता, म्हणजे तो कधीच बदलला नाही असं धरून चालणं भाग होतं.

जुना बेल्ट मी मागून घेतला. अजून आहे घरी. उलटा वाकवला की दातांच्या मुळाशी बारीक चिरा उघडतात आणि एका कडेने धागे सुटलेले दिसतात. त्याहून कामाची गोष्ट बेल्टच्या मागे सापडली. बरेच महिने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, थोडं थोडं कमी व्हायचं, खाली जमिनीवर थेंब नाही. हेड गॅस्केट (हेडखालची सीलबंद पट्टी) गेलं असणार या धास्तीने मी रेडिएटरची रासायनिक चाचणीही करून घेतली होती, ज्यात जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. ते निळंच राहिलं. बेल्टचं कव्हर निघालं तेव्हा वॉटर पंपाच्या बारीक भोकाखाली गुलाबी, वाळलेला ओघळ. पंपाचं सील गेलं की पाणी त्याच भोकातून झिरपतं, आणि गरम इंजिनावर वाळून जातं. पंप त्याच बेल्टवर फिरत असल्याने वेगळी मजुरी लागली नाही. बेल्ट, तो ताणून आणि वाटेवर ठेवणाऱ्या पुल्या (टेन्शनर, आयडलर), पंप एकदमच बदलले. त्यानंतर कूलंटची पातळी खुणेवरून हललेली नाही.

आता पाण्यात गेलेले पैसे.

चौथ्या महिन्यात इंजिनचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या एका गॅरेजात, जे घराजवळ होतं म्हणून गेले, त्यांनी मशीन लावलं, कोड आला पी ०१७१. म्हणजे मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. निदान झालं "ऑक्सिजन सेन्सर गेला", म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रणाची खबर देणारा. सेन्सर बदलला, दिवा विझला, मी खूश. पाचव्या दिवशी दिवा परत. आता म्हणे पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बघू. तिथून मी गाडी काढून आणली आणि एक साधा ब्लूटूथ स्कॅनर घेतला, ईएलएम ३२७ चिपवाला, स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो आणि आकडे फोनवर दाखवतो.

कोड हा तक्रारअर्ज असतो, निकाल नाही, हे मला आकडे बघताना समजलं. गाडी उभी, इंजिन आयडलवर: फ्युएल ट्रिम अधिक २२ टक्के. म्हणजे कॉम्प्युटर हिशोबापेक्षा तेवढं पेट्रोल जादा ओततोय. अॅक्सिलरेटर दाबून २,५०० आरपीएमवर धरलं तर तोच आकडा पाचावर. सेन्सरचा दोष असता तर दोन्हीकडे सारखी बोंब असती. आयडलला इंजिन हवा कमी ओढतं, तेव्हा चोरून शिरणारी थोडी हवाही मोठी भासते. जास्त आरपीएमला तीच किरकोळ ठरते. म्हणजे कुठेतरी पाइप फाटला होता. रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक इंजिनावर फिरवत बसले, पट्टे आणि पंख्यापासून हात लांब ठेवून. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, जिथे हात जेमतेम जातो, तिथे "स्स्स" ऐकू आलं. क्रँककेसचा (इंजिनच्या खालच्या पोटाचा) वायू परत इंजिनात नेणारी कोपऱ्यातली रबरी नळी तेलाने फुगून मऊ झाली होती आणि आतल्या वळणावर अर्ध्या बोटाएवढी फाटली होती. नवी बसवली. ट्रिम तीनवर आलं, दिवा गेला तो गेलाच. बिचारा जुना सेन्सर खरं सांगत होता, चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आम्ही.

असाच आणखी एक प्रकार पुढच्या टकटकीचा. खड्ड्यात आवाज, म्हणून पुढचे दोन्ही शॉकअॅब्सॉर्बर बदलले, आवाज जिथल्या तिथे. होती ती लिंक रॉड, सस्पेन्शनमधली छोटी जोडदांडी, त्या मानाने अगदीच क्षुल्लक वस्तू. आता मी काम सांगताना "शॉकअॅब्सॉर्बर बदला" म्हणत नाही. "लहान खड्ड्यात, डावीकडून, हळू चालवताना टकटक येते, आवाज घालवा" म्हणते आणि मेकॅनिकला शेजारी बसवून एक फेरी मारते. वस्तूचं नाव आपण घेतलं की ती बदलली जाते, आणि आवाज राहिला तर दोष आपला.

क्लच मी सात महिने ढकलला. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर अॅक्सिलरेटर दाबायचा. इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, म्हणजे प्लेट घसरते. सुरुवातीला फक्त चढावर व्हायचं, मग सपाट रस्त्यावर व्हायला लागलं तेव्हा नेली. क्लचच्या कामात प्लेटपेक्षा मजुरी भारी, कारण गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. म्हणून विचारलं, "गिअरबॉक्स खाली आल्यावर हाताशी अजून काय काय येतं?" प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तर ठरलेलंच होतं. क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सीलही बदललं. सील किरकोळ किमतीचं, पण तेवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे सगळी मजुरी दुसऱ्यांदा. आधीचं सील बाहेर आलं ते प्लास्टिकसारखं कडक झालेलं.

इंजिन ऑइल खातं. साधारण १,५०० किलोमीटरला एक लिटर. यावर मी काहीही केलेलं नाही आणि करणारही नाही. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासलं, चारही सिलिंडर एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत. धूर फक्त सकाळी पहिल्या स्टार्टला, निळसर, एक फुरका, म्हणजे बहुधा व्हॉल्व्हची सीलं कडक झाली असणार. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर पळवताना मागे धूर दिसला असता. एका मेकॅनिकने पूर्ण इंजिन बांधायचा सल्ला दिला. मी डिकीत ऑइलची बाटली ठेवली. एक आड एक पेट्रोल भरताना डिपस्टिक बघते, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. जळणाऱ्या ऑइलने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं (धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचं) आयुष्य कमी होतं, ते मला मान्य आहे. पण जुनी इंजिनं ऑइल खाण्याने नाही, ते संपलेलं कुणी न बघितल्याने बसतात.

स्पेअर पार्टच्या बाबतीत माझा कंजूषपणा एकदा अंगाशी आला. स्वस्तातली लिंक रॉड पाचव्या महिन्यात पुन्हा वाजायला लागली, मजुरी दोनदा. त्यानंतर चांगल्या कंपनीचीच घेतली, फक्त गाडीच्या ब्रँडच्या डब्यातली नाही, ज्या कारखान्यातून ती त्या डब्यात जाते त्याच्या स्वतःच्या डब्यातली. भंगारातून मात्र मी आरसा आणि खिडकीची यंत्रणा आणली, दोन्ही झकास चालतात. ब्रेक, बेल्ट, बेअरिंग, स्टिअरिंगचं काहीही भंगारातलं नाही.

रस्त्यात एकदाच अडकायची वेळ आली, आणि तीही माझ्या डोळ्यांदेखत आलेली. स्कॅनरवर बॅटरीचे व्होल्ट दिसतात. इंजिन चालू असताना माझ्या गाडीत ते चौदाच्या आसपास असायचे. तीन आठवडे १३.१, १३.२ दिसत होते आणि मी "ठीकच आहे" म्हणत होते. एका संध्याकाळी घरापासून चाळीस किलोमीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला. स्कॅनरवर १२.१. म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर संपला, आता फक्त बॅटरीवर चालू आहे. एसी, पंखा, रेडिओ, फोनचं चार्जिंग सगळं बंद केलं. उजेड होता तोवर हेडलाइट नाही. ११.८. ११.६. सिग्नलला इंजिन बंद करायचा मोह आवरला, कारण पुन्हा सुरू झालं नसतं. गल्लीत वळताना ११.२ होते आणि वायपर अर्ध्यावर थांबला होता. अल्टरनेटरचे ब्रश झिजलेले निघाले. ब्रश आणि रेग्युलेटर बदलून तोच अल्टरनेटर आजही चालतोय.

पैशांचं एवढंच केलं की नव्या गाडीचा जो मासिक हप्ता बसला असता, त्याचा निम्मा दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकला, काम निघो वा न निघो. दोनदा खातं रिकामं होऊन वर घरातून भर घालावी लागली: बेल्टच्या वेळी आणि क्लचच्या वेळी. सोळा महिन्यांचा दुरुस्तीचा एकूण खर्च, चुकीचा सेन्सर आणि वाया गेलेले शॉकअॅब्सॉर्बर धरून, नऊ हप्त्यांएवढा भरला. ऑइल वेगळं. गाडीची बाजारातली किंमत आणि दुरुस्तीचं बिल शेजारी मांडून लोक घाबरतात. मला ती तुलनाच चुकीची वाटते, कारण गाडी विकून मला चालत फिरायचं नव्हतं, दुसरी गाडीच घ्यायची होती.

पण मी खर्च लिहिते त्या वहीत पैशांशेजारी दुसरा एक रकाना आहे, तो नव्या गाडीच्या बाजूने बोलतो: गाडी गॅरेजात पडून राहिलेले दिवस, एकूण एकोणीस. ज्यांच्याकडे दुसरी सोय नाही, ज्यांना सकाळी ठरलेल्या वेळी कामावर हजर व्हायलाच हवं, त्यांनी हे एकोणीस दिवस आधी मोजावेत. नवऱ्याने त्या दिवसांत मला सोडण्या-आणण्याची जी तक्रार केली ती वहीत लिहिलेली नाही. शिवाय एक सांधावं तर तेरा तुटतात असेही महिने आले. क्लच झाल्यावर आठव्या दिवशी व्हील बेअरिंग गुणगुणायला लागलं तेव्हा मी खरंच विक्रीची जाहिरात लिहायला घेतली होती.

कुठे थांबायचं ते दोन गोष्टींवर ठरवून ठेवलंय. गिअरबॉक्स आतून गेला तर, किंवा गंज चॅसीच्या भार घेणाऱ्या भागापर्यंत पोचला तर. बाकी सगळं बदलता येतं. गिअरबॉक्स अजून गोड आहे, फक्त थंडीत दुसरा गिअर थोडा नखरे करतो. गेल्या रविवारी गाडी स्टँडवर घेऊन मागची चाकं काढली. उजव्या स्प्रिंगच्या बैठकीपाशी रंग फुगलेला दिसला. स्क्रू ड्रायव्हरने टोकून पाहिलं, पापुद्रा निघाला, खालचा पत्रा टणक लागला. घासून प्रायमर मारला आणि वहीत तारीख टाकली.